हुकूम कुणी द्यायचा? लंडन, जून १७८०

मंडळी, १७८० सालच्या जून महिन्यात लंडन शहर जवळजवळ आठवडाभर पेटलेलं होतं. तुरुंग फोडले गेले, सरन्यायाधीशांचं घर ग्रंथसंग्रहासकट राख झालं, बँक ऑफ इंग्लंडवर चाल झाली. बाहेरचा शत्रू आलेला नव्हता. शहरातलीच माणसं होती, टोपीला निळ्या फितीचं फूल लावलेली, आणि त्यांच्या तोंडी एकच घोषणा होती, ‘पोपशाही नको’. इतिहासात ही गॉर्डन दंगल म्हणून ओळखली जाते.

जमाव का भडकला, हे सांगणं फारसं अवघड नाही, तेही मी सांगेनच. पण मला जास्त बोलायचंय ते दुसऱ्या गोष्टीवर. शुक्रवारी सुरू झालेली दंगल पुढच्या बुधवारपर्यंत वाढतच कशी गेली? शहरात सैन्य होतं, त्यांच्याकडे बंदुका होत्या, दंगलीचा खास कायदा होता. गोळी चालवायचा हुकूम कुणी द्यायचा, एवढंच काय ते ठरत नव्हतं.

आधी निमित्त पाहू. इंग्लंड प्रॉटेस्टंट झाल्यावर तिथे उरलेल्या कॅथलिकांवर एकामागून एक कायदे लादले गेले. त्यातला १६९८ सालचा कायदा मुद्दाम लक्षात ठेवा. त्यानुसार मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, करणाऱ्या पाद्र्याला पकडून दिलं आणि गुन्हा शाबीत झाला, की पकडून देणाऱ्याला १०० पौंड बक्षीस मिळायचं आणि पाद्र्याला जन्मठेप. कॅथलिक माणसाने शाळा काढली तर त्यालाही जन्मठेप. कॅथलिकाला जमीन विकत घेता येत नव्हती, वारसाहक्कानेही मिळत नव्हती. ती त्याच्या जवळच्या प्रॉटेस्टंट नातेवाइकाकडे जायची. भाऊबंदकीला याहून सोयीचा कायदा शोधून सापडणार नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा कायदा बराचसा कागदावरच राहिला होता. पण १०० पौंड ही रक्कम लहान नव्हती. १७६०च्या दशकात लंडनमध्ये विल्यम पेन नावाचा एक सुतार होता. त्याने पाद्री हुडकून त्यांच्यावर खटले भरायचा धंदाच मांडला. त्यातून जॉन बॅप्टिस्ट मलोनी या पाद्र्याला १७६७ साली खरोखरच जन्मठेप झाली; पुढे तिचं रूपांतर हद्दपारीत करावं लागलं, कारण सरकारलाच शरम वाटायला लागली. बाकीचे खटले सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी मोठ्या शिताफीने निकालात काढले. त्यांचं म्हणणं असं, की हा इसम मिस्सा करताना दिसला एवढं पुरेसं नाही, त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली होती हे आधी सिद्ध करा. ते सिद्ध करणार कोण आणि कसं? पेनची बक्षिसं बुडाली. आणि लंडनच्या गल्लीबोळांत मॅन्सफील्ड हा आतून कॅथलिक आहे, ही वदंता पक्की झाली. त्यांचं घराणं स्कॉटिश, पदच्युत स्टुअर्ट राजांकडे झुकणारं, त्यामुळे ती सहज खपली. १७८० साली त्यांच्या घराकडे जमाव का वळला, त्याचं मूळ इथे आहे.

मग १७७८ साली सर जॉर्ज सॅविल यांनी कॅथलिकांना सवलत देणारं विधेयक आणलं आणि ते फारशा खळखळीशिवाय मंजूर झालं. सवलत होती तरी केवढी? राजनिष्ठेची शपथ घेतली तर जमिनीवरची बंदी उठणार, जन्मठेप जाणार आणि ते १०० पौंडांचं बक्षीस रद्द होणार. उघडपणे उपासना करण्याची परवानगी त्यात नव्हती, मतदानाचा हक्क नव्हता, संसदेत बसायचा तर नव्हताच. लंडनमधले कॅथलिक तेव्हा मिस्साला जायचे ते परक्या राजदूतांच्या चॅपेलांत, म्हणजे खासगी प्रार्थनाघरांत, कारण तिथे इंग्लंडचा कायदा चालत नव्हता. या विधेयकानंतरही त्यांना तिथेच जावं लागणार होतं.

आता हे औदार्य एकाएकी का सुचलं? सहिष्णुतेची हवा होती, नाही असं नाही. पण खरी निकड सैनिकांची होती. अमेरिकेतल्या वसाहतींनी बंड केलेलं, १७७८मध्ये फ्रान्स त्या युद्धात उतरला, पुढच्या वर्षी स्पेन. इकडे आपल्याकडेही इंग्रज मराठ्यांशी लढत होते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांना मान खाली घालून तह करावा लागला होता. माणसं हवी होती, आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात व आयर्लंडमध्ये कॅथलिक तरुण भरपूर होते. भरतीच्या वेळी घ्यायच्या शपथा मात्र त्यांना आडव्या येत होत्या.

सामान्य लंडनकराला यातलं काय दिसलं? फ्रान्स आणि स्पेन या कॅथलिक राजांशी युद्ध चालू आहे आणि ऐन त्याच वेळी सरकार घरातल्या कॅथलिकांना मोकळीक देतंय. दरवर्षी ५ नोव्हेंबरला संसद उडवू पाहणाऱ्या कॅथलिक कटाची आठवण म्हणून होळ्या पेटवणारं हे शहर. आजोबांनी कॅथलिक स्टुअर्टांची गादी परत मिळवण्यासाठीची १७४५ची स्वारी पाहिलेली. पोप म्हणजे परका राजा, पोपचा माणूस म्हणजे फितूर, हे त्यांच्या देशाभिमानात मुरलेलं होतं. त्याला वेडगळपणा म्हणून सोडून देऊ नका. कायद्याच्या पुस्तकात शंभर वर्षं तेच लिहिलेलं होतं.

हीच सवलत स्कॉटलंडला लागू करायचा विचार झाला, तेव्हा १७७९च्या सुरुवातीला एडिंबरो आणि ग्लासगोत दंगली झाल्या. एडिंबरोत बिशप हे यांचं घर आणि चॅपेल जाळलं गेलं. आणि सरकारने काय केलं? स्कॉटलंडसाठीचा विचार सोडून दिला. दंगल केली की कायदा मागे जातो, हा धडा सरकारनेच शिकवला. लंडनमधल्या प्रॉटेस्टंट असोसिएशनने तो नीट गिरवला.

या असोसिएशनचा अध्यक्ष लॉर्ड जॉर्ज गॉर्डन. ड्यूकचा धाकटा मुलगा, दुसरे जॉर्ज राजे त्याचे गॉडफादर, तरुणपणी नौदलात होता, नंतर खासदार. १७८० मध्ये वय अवघं २८. लांब, सरळ केस, बोलायला लागला की थांबायचा नाही. त्या काळी गंमतीने म्हणत, संसदेत पक्ष तीन : सरकारपक्ष, विरोधी पक्ष आणि लॉर्ड जॉर्ज गॉर्डन. ज्याला सभागृहात कुणी ऐकत नाही त्याला बाहेर मोठं मैदान मिळालं की काय होतं, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

शुक्रवार, २ जून. कडक ऊन. थेम्सच्या दक्षिणेला सेंट जॉर्जेस फील्ड्स नावाचं मोकळं मैदान होतं, तिथे गॉर्डनने लोकांना बोलावलं. ५०-६० हजार माणसं जमली असावीत असा अंदाज आहे. प्रत्येकाने टोपीला निळं फूल लावायचं, सवलतीचा कायदा रद्द करा असा अर्ज घेऊन संसदेवर जायचं. अर्जावर ४४ हजार सह्या होत्या, म्हणजे नुसता कागद नव्हे, भलामोठा गुंडाळाच. तो एका माणसाने डोक्यावर घेतला. सुरुवातीला सगळं शिस्तीत होतं. स्तोत्रं म्हणत रांगा चालल्या होत्या. दुपारी संसदेच्या दारात मात्र त्यांचा रंग पालटला. सभागृहाकडे येणाऱ्या उमरावांच्या बग्ग्या अडवल्या गेल्या. मॅन्सफील्डच्या बग्गीच्या काचा फोडल्या. लिंकनच्या बिशपच्या बग्गीचं चाक उपटलं. ते कसेबसे एका घरात शिरले आणि वेश पालटून छपरावरून निसटले. ड्यूक ऑफ नॉर्दम्बरलंडचं खिशातलं घड्याळ गेलं.

आत उमरावांच्या सभागृहात त्याच दिवशी ड्यूक ऑफ रिचमंड सगळ्या प्रौढ पुरुषांना मताधिकार द्या असं मांडत होते. बाहेरच्या जनतेला मत द्या म्हणायचं, आणि तीच जनता दारात बिशपच्या बग्गीची चाकं काढतेय! रिचमंडचा प्रस्ताव अर्थातच बारगळला, आणि पुढे अनेक वर्षं मताधिकार वाढवा म्हटलं की समोरून ‘१७८० विसरलात का’ हे उत्तर यायचं.

कॉमन्सच्या सभागृहात गॉर्डनने अर्ज मांडला. तो मधूनच उठून बाहेर जायचा, जिन्यावरून खाली जमलेल्यांना सांगायचा, आता अमुक आपल्याविरुद्ध बोलतोय, तमुक बोलतोय. सवलतीच्या बाजूचा खासदार एडमंड बर्क, त्याचंही नाव त्याने सांगितलं. त्याचा एक नातेवाईक कर्नल होता, त्याने गॉर्डनला सरळ बजावलं, की यातला एक जरी माणूस आत आला तर माझी तलवार त्याच्या नव्हे, तुझ्या अंगात शिरेल. मतदान झालं : अर्जावर तातडीने विचार करायला १९२ विरुद्ध ६ मतांनी नकार. घोडदळ आलं, गर्दी पांगली. सगळे हुश्श करून घरी गेले. आणि त्याच रात्री जमावाने लिंकन्स इन फील्ड्सजवळचं सार्डिनियाच्या राजदूताचं आणि वॉरिक स्ट्रीटवरचं बव्हेरियाच्या राजदूताचं चॅपेल फोडलं.

इथून आपला प्रश्न सुरू होतो. सैनिक त्या रात्री आले, १३ जणांना पकडलं. पण गोळी चालवली नाही, आणि पुढचे चार दिवसही बहुतेक ठिकाणी नाहीच. का?

इंग्लंडमध्ये १७१४ चा दंगलविरोधी कायदा होता. १२ किंवा जास्त माणसं दंगा करत असतील तर दंडाधिकाऱ्याने त्यांच्यासमोर जाहीरनामा वाचायचा. तासाभरात पांगले नाहीत तर तो गंभीर गुन्हा, आणि बळ वापरणाऱ्याला संरक्षण. झालं असं, की यातून सगळ्यांची समजूत उलटीच झाली. दंडाधिकाऱ्याने जाहीरनामा वाचल्याशिवाय आणि तास उलटल्याशिवाय गोळी चालवताच येत नाही, चालवली तर खून, असं सैन्य मानायला लागलं. म्हणजे सगळा भार दंडाधिकाऱ्यावर. आणि दंडाधिकारी कोण? त्याच वस्तीत राहणारा एखादा व्यापारी नाहीतर जमीनदार, ज्याचं घर जमावाला ठाऊक आहे.

त्यांना भीती वाटायला आणखी एक कारण होतं. बारा वर्षांपूर्वी, १० मे १७६८ ला, याच सेंट जॉर्जेस फील्ड्सवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या होत्या. जॉन विल्क्स हा लोकांचा लाडका पुढारी तेव्हा शेजारच्या किंग्ज बेंच तुरुंगात होता आणि त्याला पाहायला गर्दी झाली होती. माणसं मेली. एका निरपराध पोराचा पाठलाग करून त्याला गोळी घातली गेली. नंतर हुकूम देणारे दंडाधिकारी सॅम्युएल गिलम यांच्यावर खुनाचा खटला भरला गेला. ते सुटले, पण प्रत्येक दंडाधिकाऱ्याच्या मनात ते आरोपीचं कठडं कायमचं बसलं. जाहीरनामा वाचला तर जमाव घर जाळणार, गोळी चालवली तर कोर्ट फासावर देणार. मग सगळ्यात सुरक्षित काय? घरी नसणं! त्या आठवड्यात कितीतरी दंडाधिकारी निरोप पाठवूनही सापडले नाहीत.

सिटी ऑफ लंडन, म्हणजे स्वतःची नगरपालिका असलेला लंडनचा जुना मध्यभाग, तिचे लॉर्ड मेयर ब्रॅक्ली केनेट हे या वृत्तीचे मेरुमणी. रविवारी मूरफील्ड्समधल्या गरीब आयरिश वस्तीवर जमाव गेला, चॅपेल फोडलं, घरातलं सामान रस्त्यावर आणून पेटवलं. सैनिक शेजारी उभे राहून पाहत होते, कारण मेयरचा हुकूम नव्हता. केनेटचं उत्तर नोंदलं गेलंय : मला जपून वागलं पाहिजे, नाहीतर जमाव माझ्याच घरावर यायचा. नंतर त्यांच्यावर कर्तव्यात कसूर केल्याचा खटला झाला आणि ते दोषी ठरले. पण रविवारी त्यांनी जे केलं, किंवा केलं नाही, ते पाहून सगळ्या शहराला कळलं, की इथे विचारणारं कुणी नाही.

सोमवारी सॅविल यांच्या लेस्टर फील्ड्समधल्या घरावर हल्ला. मंगळवारी न्यूगेट.

न्यूगेटबद्दल जरा थांबून सांगतो. जॉर्ज डान्स यांनी आखलेली ती नवी इमारत होती, जाडजूड दगडाची, बघूनच छाती दडपावी अशी. शुक्रवारपासून पकडलेले काही दंगलखोर तिथे होते. मंगळवारी संध्याकाळी जमाव आला आणि तुरुंगाधिकारी रिचर्ड एकरमन यांच्याकडे, तुरुंगाला लागूनच असलेल्या त्यांच्या घरी, पोरांना सोडा म्हणून मागणी केली. त्यांनी नकार दिला. मग त्यांच्याच घरातली खुर्च्या-टेबलं, पलंग, चित्रं बाहेर काढून तुरुंगाच्या दाराशी रचली आणि पेटवली. घर पेटलं, तिथून आग आत शिरली. कुणी पहारी आणि हातोड्यांनी दार फोडत होतं, कुणी शिड्यांनी छपरावर चढून कौलं उपटत होतं. आत कैदी किंचाळत होते, कारण आग त्यांच्याकडे येत होती आणि कोठड्यांना कुलपं होती. शंभराहून जास्त कैदी बाहेर काढले गेले, त्यातले काही तर फाशीची वाट बघणारे. बेड्या घालूनच ते रस्त्यावर धावले. हा सगळा देखावा जॉर्ज क्रॅब या तरुण कवीने पाहिला आणि लिहून ठेवला. तुरुंगाच्या भिंतीवर कुणीतरी लिहिलं, की महाराजाधिराज जमावराजा यांच्या आज्ञेने कैदी मुक्त केले आहेत.

त्याच रात्री ब्लूम्सबरी स्क्वेअरमध्ये मॅन्सफील्डचं घर. ते पत्नीसह मागच्या दाराने निसटले. त्यांचा ग्रंथसंग्रह, हस्तलिखितं, आयुष्यभराची न्यायालयीन टिपणं खिडकीतून खाली फेकली जात होती आणि खाली जाळ. इथे मात्र दंडाधिकाऱ्याने जाहीरनामा वाचला, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, काही जण पडले. पण सैनिक निघून गेल्यावर जमावाने परत येऊन उरलेलं घर पुरं केलं. तिथून एक टोळी हॅम्पस्टेडजवळच्या त्यांच्या केनवुडच्या वाड्याकडे निघाली. वाटेत स्पॅनिअर्ड्स नावाची खानावळ आहे, अजूनही आहे. तिच्या मालकाने मंडळींना बिअर पाजत पाजत सैन्य येईपर्यंत रोखून धरलं, असं सांगतात. खरं असेल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात कार्यक्षम शासकीय अधिकारी हा खानावळवालाच.

वेस्टमिन्स्टरमध्ये चार्ल्स स्ट्रीटवर तेव्हा इग्नेशियस सँचो यांचं किराणा दुकान होतं. हे आफ्रिकन वंशाचे, लहानपणी गुलाम म्हणून इंग्लंडात आणलेले, पुढे लेखक-संगीतकार म्हणून नाव झालेले गृहस्थ. दुकानाच्या दारासमोरून हातात काठ्या घेतलेले, निळी फुलं लावलेले कळकट लोक झुंडीने जाताना बघत त्यांनी ६ जूनला एका मित्राला पत्र लिहायला घेतलं. पत्रात ते वेळोवेळी भर घालत जातात, कारण मिनिटामिनिटाला नवी बातमी येतेय. पत्राचा सूर भीतीचा आहे तसाच उपहासाचाही, आणि स्वातंत्र्य म्हणजे हेच का, हा सवाल त्यात आहे. गुलामगिरीतून आलेला माणूस हे विचारतोय. मला हे पत्र त्या आठवड्यातलं सगळ्यात शहाणं बोलणं वाटतं.

शहराची अवस्था अशी होती, की दारावर ‘पोपशाही नको’ लिहून आणि निळं कापड टांगून लोक घर वाचवत होते. ज्यूंनीही घरावर आम्ही सच्चे प्रॉटेस्टंट असं लिहिलं म्हणतात. नाटकांतल्या ग्रिमाल्डी नावाच्या इटालियन विदूषकाची एक गोष्ट चालत आली आहे : त्याने दारावर लिहिलं, ‘या घरात कुठलाच धर्म नाही’. घर वाचलं.

आता बुधवार, ७ जून. होबर्नमध्ये टॉमस लँग्डेल यांची मोठी दारूभट्टी होती. लँग्डेल कॅथलिक. आधीचे काही दिवस पैसे आणि दारू देऊन त्यांनी जमावाला परतवलं होतं. बुधवारी संध्याकाळी ते चाललं नाही. जमाव तळघरांत शिरला, पिंपं फुटली, जिनचे पाट गटारातून वाहायला लागले. बाया-माणसं, पोरं ओंजळीने, टोपीने, बादलीने भरून घेत होती. काही ठिकाणी ती शुद्ध न केलेली कच्ची स्पिरिट होती. पिणारे जागच्या जागी मेले. मग तिला आग लागली. तळघरांत धुंद पडलेले बाहेर आलेच नाहीत. त्याच रात्री फ्लीट तुरुंग, किंग्ज बेंच तुरुंग आणि ब्लॅकफ्रायर्स पुलावरची टोलघरं जळत होती. एकाच जागेवरून ३६ आगी दिसत होत्या असं त्या काळच्या वर्णनात आहे. रात्र वाऱ्याची नव्हती, नाहीतर लंडन जाळणाऱ्या १६६६ च्या आगीची पुनरावृत्ती झाली असती.

डॉक्टर जॉन्सन, होय, इंग्रजी शब्दकोशवाले, त्याच बुधवारी न्यूगेटचे अवशेष बघायला चालत गेले. निखारे अजून धुमसत होते. शेजारच्या कोर्टाच्या इमारतीत लूट चालली होती. त्यांनी आपल्या मैत्रीण श्रीमती थ्रेल यांना जे कळवलं त्याचा आशय असा : लुटणारे शंभरही नसतील, पण पहारा न ठेवता, घाई न करता, एखाद्या रीतसर कामावर लावलेल्या माणसांसारखे ते निवांत आपलं काम करत होते. दिवसाढवळ्या, साम्राज्याच्या राजधानीत!

अखेर त्या दिवशी प्रिव्ही कौन्सिल या राजाच्या सल्लागार मंडळाच्या बैठकीत राजे तिसरे जॉर्ज यांनी विचारलं, दंडाधिकाऱ्याशिवाय सैन्याने गोळी चालवली तर कायदेशीर आहे का? बरेच सल्लागार चाचरले. ॲटर्नी जनरल अलेक्झांडर वेडरबर्न यांनी स्पष्ट सांगितलं, की जमाव डोळ्यांदेखत घरं जाळत असेल तर जाहीरनामा वाचायची आणि तासभर थांबायची गरज नाही. राजाने मान्यता दिली, आणि सरसेनापती लॉर्ड ॲम्हर्स्ट यांच्याकडून सैन्याला हुकूम गेला. पाच दिवस अडलेली गोष्ट एका बैठकीत सुटली. कायदा बदलला नव्हता. तोच कायदा होता, फक्त कुणीतरी त्याचा अर्थ आपल्या नावावर घेतला.

त्या रात्री बँक ऑफ इंग्लंडवर दोनदा हल्ला झाला आणि दोन्ही वेळा गोळ्यांनी परतवला गेला. बँकेच्या रक्षणासाठी बंदूक घेऊन उभा कोण होता? जॉन विल्क्स. हो, तोच. १७६८ साली ज्याच्यासाठी लोक मेले, तो आता सिटीचा आल्डरमन, म्हणजे वरिष्ठ नगरसेवक, झाला होता. दोन दंगलखोर आपण मारले, अशी नोंद त्याने स्वतःच्या रोजनिशीत केली. त्याची जुनी लोकप्रियता त्या रात्री संपली, पण अंगावर पडलेलं काम न टाळणारे जे थोडे होते, त्यांत तो होता. केनेट आणि विल्क्स, दोघेही एकाच नगरपालिकेतले!

गुरुवारी शहरावर सैन्याचा ताबा होता. हाइड पार्कात छावण्या पडल्या. सरकारी हिशोबानुसार २१० माणसं जागीच ठार झाली आणि ७५ इस्पितळात दगावली. दारूने आणि आगीत मेलेले धरले तर आकडा जास्त असणार. या दंगलीचे खटले आणि नुकसानभरपाईचे दावे जॉर्ज रूडे या इतिहासकाराने बारकाईने तपासले. त्यांना दिसलं, की बहुतेक आरोपी मजूर, कारागीर, शिकाऊ उमेदवार होते, सराईत गुन्हेगार फार थोडे. आणि घरं कुणाची मोडली? लंडनमध्ये कॅथलिक साधारण १४ हजार, त्यातले बहुतेक गरीब आयरिश. मूरफील्ड्स सोडलं तर गरिबांच्या दाट वस्त्यांपेक्षा जास्त हल्ले झाले ते खाऊनपिऊन सुखी कॅथलिकांवर : व्यापारी, गुत्तेवाले, कारखानदार, शाळामास्तर. आणि दंगलखोरांच्या हातून एकाही कॅथलिकाचा खून झाल्याची नोंद रूडेंना सापडली नाही. मेले ते दंगलखोरच. धर्माच्या नावाने सुरू झालेल्या रागाला वाटेत वरच्या वर्गाबद्दलचा, टोलनाक्यांचा, कर्जाच्या तुरुंगांचा राग येऊन मिळाला. म्हणून धर्माचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. रिचर्ड चॅलोनर हे लंडनच्या कॅथलिकांचे ८८ वर्षांचे बिशप. जमाव त्यांना शोधतोय हे कळल्यावर त्यांना फिंचलीला एका मित्राच्या घरी लपवावं लागलं. ते वाचले, पण पुढच्या जानेवारीत वारले. त्यांना कुणी वर्गशत्रू म्हणून शोधत नव्हतं.

मघाशी एकांनी चिठ्ठी पाठवली, की यामागे परकी शक्तीचा हात होता का. त्या वेळी हे सगळ्यांनाच वाटलं होतं, फ्रेंच पैसा, अमेरिकन हेर वगैरे. तपासात काही निघालं नाही.

आता शिक्षा. १६० जणांवर खटले झाले, ६२ जणांना फाशी सुनावली गेली, २५ जणांना प्रत्यक्ष दिली गेली. जिथे गुन्हा तिथेच फास, म्हणजे शहरभर तात्पुरते फाशीचे खांब. टॉवर हिलवर शार्लट गार्डिनर या कृष्णवर्णीय स्त्रीला फाशी झाली. जॉन लेबार्टी नावाच्या गुत्तेवाल्याचं घर पाडण्यात ती होती; आगीला आणखी लाकडं आणा असं ओरडली आणि पितळी शमादानं उचलून नेली, अशी साक्ष होती. बर्कसारख्या माणसाने, जो स्वतः जमावाच्या यादीत होता, सरकारला विनवलं, की फाशी थोड्यांनाच द्या. आणि एक मासला : एडवर्ड डेनिस, लंडनचा अधिकृत जल्लाद, तोही दंगलीत सापडला आणि त्यालाही फाशीची शिक्षा झाली. ती माफ झाली. बाकीच्यांना फाशी द्यायला माणूस हवा होता ना!

लॉर्ड जॉर्ज गॉर्डनला ९ जूनला पकडून टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात ठेवलं. फेब्रुवारी १७८१ मध्ये राजद्रोहाचा खटला उभा राहिला आणि न्यायासनावर कोण होतं? मॅन्सफील्ड, ज्यांचं घर याच माणसाच्या अनुयायांनी जाळलं. आज हे चालवून घेतलं नसतं. बचावासाठी टॉमस अर्स्किन नावाचा तरुण वकील उभा राहिला. जमाव जमवणं म्हणजे राजाविरुद्ध युद्ध पुकारणं नव्हे, तसा हेतू सिद्ध करा, हा त्याचा मुद्दा. ज्यूरीने गॉर्डनला निर्दोष सोडलं. पुढे या गृहस्थाने ज्यू धर्म स्वीकारला, सुंता करून घेतली, दाढी वाढवली. फ्रान्सच्या राणीची बदनामी केल्याबद्दल १७८८ साली त्याला शिक्षा झाली, ती पुन्हा बांधलेल्या न्यूगेटमध्येच. मुदत संपली तरी जामीनदार न मिळाल्याने तो सुटला नाही, आणि १७९३ मध्ये तिथेच तुरुंगातल्या तापाने मेला.

सवलतीचा कायदा मात्र रद्द झाला नाही. एडिंबरोसारखी माघार लंडनमध्ये घेतली गेली नाही. उलट १७९१ साली कॅथलिकांना उघड उपासनेची परवानगी मिळाली.

उरला तो मूळ प्रश्न, हुकूम कुणी द्यायचा. दंगल शमल्यावर उमरावांच्या सभागृहात चर्चा झाली, की सैन्याने दंडाधिकाऱ्याशिवाय केलं ते बेकायदा तर नाही? मॅन्सफील्ड उठले. त्यांनी सांगितलं, सैनिकाचा लाल डगला घातला म्हणून माणूस नागरिक असायचा थांबत नाही; डोळ्यांसमोर गंभीर गुन्हा घडत असेल तर तो थांबवणं कुठल्याही नागरिकाचं काम आहे, सैनिकाचंही. लष्करी कायद्याचा इथे संबंधच नाही. आणि ते म्हणाले, की हे मी ग्रंथ पाहून सांगत नाही, पाहायला माझ्याकडे ग्रंथच उरलेले नाहीत.

तत्त्व स्पष्ट झालं, पण शहराला रोजची राखण हवी होती. १७८५ साली लंडनसाठी पोलीस दलाचं विधेयक आलं, ते सिटीच्या विरोधाने बुडालं. आपल्या हक्कांवर गदा येते, ही तक्रार. पोलीस यायला १८२९ उजाडलं. तोवर, आणि त्यानंतरही, बँक ऑफ इंग्लंडवर रोज रात्री सैन्याचा पहारा लागायचा. सैनिक रस्त्याने कूच करत येताना पायी चालणाऱ्यांना ढकलून देतात, म्हणून सिटीच्या व्यापाऱ्यांनी लगेच कुरकूर सुरू केली. १७८७ साली त्यावर व्यंगचित्रही निघालं. पहारा तरीही चालूच राहिला, थेट १९७३ पर्यंत.